हक्क आणि नाती : सही करण्याआधी मसुदा वाचा

आईवडील मृत्युपत्र न करता गेले आणि भावंडांत बिनसलं, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातली दोन घेते. पहिल्याचं उत्तर थोडक्यात देता आलं. दुसऱ्याला मात्र बरीच जागा द्यावी लागली, आणि ते लिहिताना माझ्या घरातली एक गोष्टही सांगावीशी वाटली.

प्रश्न : वडिलांनी स्वतःच्या पैशातून डोंबिवलीला फ्लॅट घेतला होता. ते गेल्यावर कळलं की सोसायटीत त्यांनी नॉमिनी म्हणून माझ्या बहिणीचं नाव दिलं होतं. बहीण म्हणते, फ्लॅट आता माझा. मी न्यू जर्सीला असतो, आई तिच्याकडेच आहे. मृत्युपत्र नाही. फ्लॅटवर माझा हक्क उरतो का? (एक वाचक)

उत्तर : उरतो. नॉमिनी हा मालक नसतो. वारस ठरेपर्यंत सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली कलम १५४ब-१३ आलं. त्यानुसार कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' करून घेतात. त्यातला 'तात्पुरता' हा शब्द तुमच्या बहिणीला शांतपणे वाचून दाखवा. फ्लॅटचे वारस तिघे : आई, तुम्ही आणि बहीण. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा.

भांडायच्या आधी तिघांनी मिळून कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त करावा, आणि आईचा तिच्या हयातीतला राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहावा. तुम्हाला येणं जमणार नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. परदेशातले भाऊ हे हमखास विसरतात आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी ५६ वर्षांची. माहेर कराड तालुक्यात, सासर सांगलीला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी ३ एकर रान घेतलं, आणि निवृत्तीच्या पैशातून कराडात चार खोल्यांचं घर बांधलं. २०१६ साली ते गेले, २०२३ च्या पावसाळ्यात आई गेली. मृत्युपत्र दोघांचंही नाही.

आम्ही चार भावंडं. थोरला दादा पुण्यात, मग मी. मधला भाऊ २०१४ मध्ये अपघातात गेला, भावजय मुलीला घेऊन इचलकरंजीला तिच्या माहेरी असते. धाकटा कराडच्या घरात. आईला अर्धांगवायू झाला, तीन वर्षं ती अंथरुणावर होती, तेव्हा तिचं सगळं धाकट्यानं आणि त्याच्या बायकोनं केलं. आईनं पेन्शनमधून साठवलेली ८ लाखांची ठेव होती. नॉमिनी दादा होता, त्यानं ती काढून घेतली. आईच्या पाटल्या, मोहनमाळ आणि नथ धाकट्याकडे आहे.

आता दादानं हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. म्हणतो, १९९१ ला तुझ्या लग्नात पाच तोळे घातले, तिथंच हिशोब मिटला. लग्न झालेल्या मुलीला शेतीत हक्क नसतो. सही करणार नसशील तर भाऊबीजेला येऊ नकोस. माझे मिस्टर म्हणतात, सोडून दे. मला जमीन नको हो, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही, त्याचं वाईट वाटतं. काय करू? (एक बहीण, सांगली)

उत्तर : ताई, तूर्त सही करू नका. भावाला 'नाही' असंही कळवू नका. 'कागद वकिलांना दाखवते, मग बोलते' एवढंच सांगा. या एका वाक्यानं माहेर तुटत नाही. तुटलंच, तर ते आधीच उसवलेलं होतं.

मसुद्याची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. तुम्ही ती वाचली असेल असं मला वाटत नाही, कारण पत्रात त्याबद्दल काहीच नाही. दुसऱ्या पानावर 'लिहून घेणार' या शब्दांपुढे एकट्या दादांचं नाव आहे. आईला तीन वर्षं उठवलं-बसवलं त्या धाकट्याचं नाव त्या कागदावर कुठंही नाही. म्हणजे तुम्ही 'भावांसाठी' म्हणून सोडलेला हिस्सा दोघा भावांना जाणार नाही, एकट्या दादांना जाईल. धाकट्याला हे ठाऊक आहे का? त्याच्याकडूनही असाच कागद घ्यायचं चाललंय का? त्याला विचारा. शिवाय मिळकतींच्या वर्णनाच्या शेवटी 'व इतर ज्या काही स्थावर-जंगम मिळकती असतील त्या' अशी एक ओळ आहे. त्या ओळीत आईचे दागिने आणि ती ८ लाखांची ठेवसुद्धा बसते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो काढून, अंगठा लावून असा कागद एकदा नोंदला, की तो मोडायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, तोही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. 'मी वाचलं नव्हतं' एवढ्यावर तो मोडत नाही.

आता हिस्से सांगते. तुमच्या वडिलांची मिळकत स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नसल्यानं हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. वडील गेले त्या दिवशी मिळकतीचे पाच वाटे झाले : आई, दादा, तुम्ही, धाकटा, आणि मधल्या भावाची शाखा. तो वडिलांच्या आधी गेला, म्हणून त्याचा वाटा त्याची पत्नी आणि मुलगी दोघींत निम्मा निम्मा. पुढे आई गेली तेव्हा तिच्या पाचव्या वाट्याचे चार भाग झाले : दादा, तुम्ही, धाकटा आणि मधल्याची मुलगी. आईच्या वारसांत मुलं आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं येतात, विधवा सून येत नाही. कायद्यातली ही तफावत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि हिशोब चुकतो.

तुमच्या ३ एकरांत हे मांडून बघा. ३ एकर म्हणजे १२० गुंठे. दादांचे ३०, तुमचे ३०, धाकट्याचे ३०. भावजयीचे १२ आणि तिच्या मुलीचे १८. घराची वाटणीही याच प्रमाणात. आईची ठेव आणि दागिने मात्र फक्त आईचे वारस घेणार, म्हणजे चार सारखे भाग. ८ लाखांतले २ लाख तुमचे आहेत, २ लाख त्या मुलीचे आहेत. दादा नॉमिनी होते म्हणजे बँकेनं पैसे त्यांच्या हातात दिले इतकंच. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे २०१० साली सांगितलं, आणि शेअर्सबाबत १४ डिसेंबर २०२३ ला साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात पुन्हा सांगितलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो ते सगळ्या वारसांच्या वतीनं.

लग्न झालेल्या मुलीला शेतीत हक्क नसतो, हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात अजूनही ऐकते. आमच्याकडे त्यामागं थोडा इतिहास आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. तेच लोकांच्या डोक्यात बसलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानं येतो, २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असायची गरज नाही. पण तुमच्या बाबतीत इतक्या लांब जायचंही कारण नाही. हे रान वडिलांनी खरेदीखतानं स्वतः घेतलं. अशा मिळकतीत मुलगी १९५६ पासून मुलाच्या बरोबरीनं वारस आहे, लग्न झालेली असो वा नसो. पाच तोळ्यांचं म्हणाल, तर लग्नात घातलेल्या सोन्यानं वारसाहक्क संपतो असं कायद्यात कुठंही नाही. दादांच्या लग्नाचा आणि शिक्षणाचा खर्च कुणी त्यांच्या हिश्शातून वजा केलाय का? राहत्या घरात मुलींना वाटणी मागता येत नाही, असं एक कलम पूर्वी होतं. तेही २००५ साली गेलं.

आता माझ्या घरातलं सांगते. १९८७ साली आजोबा गेले तेव्हा मी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी आत्याला साताऱ्याला नेलं, मीही बरोबर होते. आत्या निरक्षर. कारकुनानं तिचा अंगठा जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर चार ठिकाणी. तिनं मला विचारलं, 'काय लिवलंय गं?' मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, 'सातबाऱ्याची नोंद आहे, आक्का.' ते हक्कसोडपत्र होतं. परत येताना एसटीत ती सबंध वेळ पदराला अंगठा पुसत होती, शाई काही जात नव्हती. पुढं तिचे यजमान गेले, मुलगा झाला नव्हता, दिरांनी बघितलं नाही. शेवटची नऊ वर्षं ती एका भाड्याच्या खोलीत राहिली. प्रत्येक दिवाळीला चिवडा घेऊन यायची, आणि जाताना मला हमखास विचारायची, 'वरच्या रानातला आंबा हाय का अजून?' माझे वडील वाईट माणूस नव्हते. माझं शिक्षण त्यांनी कर्ज काढून केलं. पण तो कागद चुकीचा होता, आणि कायदा शिकणारी मी तिथं शेजारी उभी राहून गप्प बसले होते. म्हणून गेली ३१ वर्षं माझ्याकडे कुठलीही बाई हक्कसोडपत्र घेऊन आली, की मी आधी ते तिला शब्दन् शब्द वाचून दाखवते.

तुम्ही लिहिलंत, 'मला जमीन नको हो.' ते खरं असेल तर तुम्ही जरूर सोडा. पण सोडायचं ते काय सोडतोय हे कळून, कोणासाठी हे आपण ठरवून, आणि आपल्या अटीवर. हक्कसोडपत्र सगळ्या मिळकतीचंच करावं लागतं असं नाही. एका मिळकतीपुरतंही होतं, एका भावाच्या लाभातही होतं. विनामोबदला करायचं की मोबदला घेऊन, हेही तुम्हीच ठरवायचं. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नुसतं लिहून नोटरी केलेलं हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीला चालत नाही, नोंदणी लागतेच. हे ध्यानात ठेवा, कारण घाईघाईत 'तात्पुरती' म्हणून अशी सही मागणारे पुष्कळ असतात आणि पुढं तोच कागद संमती म्हणून दाखवतात.

धाकट्याबद्दल बोलायला हवं. कायदा सेवेचा वेगळा वाटा धरत नाही. तीन वर्षं आईची कूस बदलणं, डायपर, रात्रीची जाग याचे गुंठे होत नाहीत. मला हे फार लागतं, पण आहे ते असं आहे. जे कायदा देत नाही ते तुम्ही भावंडं देऊ शकता. एक वही काढा. दवाखाना, औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची बाई, जे बिल सापडेल ते लिहा, जे सापडणार नाही ते धाकट्याच्या बायकोला विचारून लिहा, कारण खरा हिशोब तिला पाठ असणार. तो सगळा खर्च आईच्या ठेवीतून आधी बाजूला काढून त्यांना द्या, मग उरलेले चार भाग करा. घर धाकट्याकडे राहावं असं सगळ्यांना वाटत असेल, तर तुमचा घरातला हिस्सा त्याच्या नावे सोडता येईल किंवा तो तुम्हाला सावकाश रक्कम देईल. दागिन्यांचंही तसंच. पाटल्या कुणी, मोहनमाळ कुणी, हे समोरासमोर बसून ठरवा, आणि सोनाराकडं वजन करून चिठ्ठी घ्या. वजन न करता केलेली दागिन्यांची वाटणी पुढं वीस वर्षं बोलण्यात निघत राहते.

सगळे एकत्र बसाल तेव्हा समोर हे ठेवा : ताजा सातबारा आणि आठ-अ, रानाचं खरेदीखत, घराचा सिटी सर्व्हे उतारा, दोघांचे मृत्यू दाखले, आणि ठेव मोडली त्या महिन्याचा बँकेचा उतारा. आईच्या निधनानंतरची वारस नोंद झाली नसेल तर ती ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन मागता येते, किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, अर्ज देता येतो. नोटीस आली आणि त्यात कुणाचं नाव गळलेलं दिसलं, तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फेरफारानं, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीनं, मालकी येत नाही आणि जातही नाही. पण गळलेलं नाव पुन्हा लावायला किती खेटे घालावे लागतात ते मी रोज पाहते.

ठरलं, की वाटणीपत्र करून ते नोंदवा. संमती असेल तर शेतीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडूनही होते. नाहीच ठरलं, तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. तो दावा बारा वर्षं चाललेला मी पाहिलाय, आणि निकालाच्या दिवशी दोन वादी आणि एक प्रतिवादी हयात नव्हते. म्हणून दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडं जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथं झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाचीच, किंमत असते. दादांनी वेळ काढला आणि परस्पर विक्रीची भाषा सुरू केली, तर मात्र थांबू नका. ते विकू शकतात फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा. पण घेणारा बाहेरचा आला, की भावंडांमधलं भांडण घरातलं उरत नाही.

आणि भाऊबीज. तुमच्या पत्रात तुम्हाला खरं दुखलंय ते इथं, हे मला दिसतंय. त्या एका दिवसाची ओवाळणी आणि ३० गुंठे एकाच तराजूत घालायचं काम दादांनी केलंय, तुम्ही नाही. तुम्ही ताट घेऊन जा. दार उघडायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

एक गोष्ट मात्र तुम्हाला स्पष्ट सांगते, राग मानू नका. तुमच्या पत्रात मधल्या भावाची बायको आणि मुलगी एका ओळीत येऊन गेल्या, पुढं त्यांचं नाव नाही. दादांच्या मसुद्यात तर ती एक ओळसुद्धा नाही. तुम्हाला विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं. त्या दोघींना इतक्या वर्षांत कुणी विचारलंय? मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर तिच्या वतीनं तिची आईसुद्धा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्थावर मिळकतीचा हक्क सोडू शकत नाही, आणि तिला वगळून केलेली कुठलीही वाटणी ती उद्या उलटवू शकते. त्यामुळे ही बैठक त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही.

तेव्हा हे वाचून झालं, की पहिला फोन पुण्याला नको, कराडलाही नको. इचलकरंजीला करा. आजोबांच्या रानात १८ गुंठे तिचे आहेत, हे त्या मुलीला अजून कुणी सांगितलं नसणार. ते तिला तिच्या आत्याकडून कळू दे.